दर हिवाळ्यात तोच ग्रीन पाण्याखाली: चर खणायच्या आधी काय तपासायचं

आमच्या गोल्फ कोर्सवरचा सातवा ग्रीन, म्हणजे चेंडू भोकात घालायची अगदी आखूड गवताची जागा. नोव्हेंबर लागला की त्याची डावीकडची पुढची बाजू मऊ पडते. आठ-दहा मिमी पाऊस झाला की तिथे दोन-दोन दिवस पाणी उभं. डिसेंबरात पाय टाकला की पचपच आवाज. जानेवारीत गवत पिवळं, त्यात मॉस म्हणजे शेवाळ, कडेने रोगाचे तांबूस गोल चट्टे. मार्चअखेर बाकीचे सतरा ग्रीन खुले आणि हा बंद. सलग चार हिवाळे हेच चाललं होतं. दर वर्षी आम्ही भोकं पाडली, वाळू भरली, आणि दर वर्षी पाणी त्याच जागी परत आलं.

मी इंग्लंडमध्ये वॉरिकशायरच्या एका जुन्या कोर्सवर ग्रीनकीपर आहे. इथली जमीन लाल, चिकण, ओली असताना बुटाला किलोकिलोने चिकटणारी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024 या 18 महिन्यांत सुमारे 1,696 मिमी पाऊस झाला. 1836 पासूनच्या नोंदींत कुठल्याही 18 महिन्यांत इतका झाला नव्हता. 2 जानेवारी 2024 ला हेंक वादळ आलं तेव्हा मिडलँड्समधल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, नद्या आधीच काठोकाठ होत्या. त्या हिवाळ्यात आमचा सातवा ग्रीन बंद झाला तो वसंतातच उघडला. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा हातातलं टाइनचं, म्हणजे जमिनीत भोकं पाडणाऱ्या दात्यांचं, यंत्र खाली ठेवलं आणि नीट शोधायला लागलो. तो शोध इथे लिहितोय, कारण हीच चूक मला जवळपास प्रत्येक कोर्सवर दिसते: पाणी दिसलं की लगेच उपाय, निदान नाहीच.

हिवाळ्याचं गणित वेगळं असतं

पुण्या-नाशिकच्या कोर्सवर जुलैमध्ये इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस एका दिवसात पडतो, पण तिथे जमीन उबदार असते आणि हरळी वाढीला लागलेली असते. जखम झाली तरी पंधरा दिवसांत भरते. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा. गवत आणि जमीन मिळून जुलैत रोज तीनेक मिमी पाणी हवेत सोडतात. डिसेंबर-जानेवारीत हा आकडा अर्ध्या मिमीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे 10 मिमी पाऊस नुसता वाळून जायची वाट बघायची तर वीस दिवस लागतील, आणि वीस दिवस कोरडे मिळतच नाहीत. हिवाळ्यात पाण्याला जायला एकच वाट उरते, ती जमिनीतून. ती अडली की वरून काहीही करा, उपयोग नाही.

दुसरं गणित मी आता प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात करायला लावतो. 1 मिमी पाऊस म्हणजे एका हेक्टरवर 10,000 लिटर. आमचा सातवा ग्रीन 500 चौरस मीटरचा. त्यावर 10 मिमी पडला तर 5,000 लिटर. पण ग्रीनच्या वरच्या अंगाला अर्धा हेक्टर उतार आहे. जमीन भिजून गच्च झालेली असताना त्याच 10 मिमीचे त्या उतारावर 50,000 लिटर होतात. त्यातला पाचवा हिस्सा जरी ग्रीनकडे आला, तरी तो ग्रीनवर पडलेल्या पावसाच्या दुप्पट. आम्ही चार वर्षं 5,000 लिटरचा विचार करत होतो.

आधी बघायचं, मग खणायचं

पहिली तपासणी फुकट आहे आणि तीच कोणी करत नाही. मुसळधार पाऊस चालू असताना रेनकोट घालून ग्रीनवर जा आणि अर्धा तास उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून ओघळतं, ते बघा आणि तिथे छोट्या झेंड्या खोचा. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी परत जा. चोवीस तासांनी परत जा. पहिल्या फेरीत जिथे पाणी दिसतं आणि दोन तासांत जातं, ती जागा वरच्या थराने अडवलेली असते. चोवीस तासांनीही जिथे पाणी आहे, किंवा पाऊस थांबल्यावर उलट वाढलंय, तिथे ते खालून किंवा बाजूने पाझरून येतंय. आमच्या सातव्यावर पाऊस थांबल्यानंतर सहा तासांनी पाण्याचा पट्टा मोठा झाला होता. हे आम्ही चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण पावसात आम्ही शेडमध्ये बसून यंत्रांची पाती घासत होतो.

दुसरी तपासणी कुदळीची. ओल्या जागी आणि चांगल्या जागी एकेक, 30 सेंमी खोल, उभा काप घ्या आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. वरच्या बाजूला तपकिरी, स्पंजासारखा थर असेल तर तो थॅच: मेलेली मुळं आणि देठ. बोटाने दाबा. पाणी निथळलं आणि थर 12-15 मिमीपेक्षा जाड असला, तर तुमचं पाणी तिथेच अडकलंय, खालची जमीन निर्दोष असू शकते. त्याखाली वाळूचे आणि मातीचे थर आळीपाळीने दिसले तर जुन्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी वाळू टाकली आहे; बारीक थराखाली जाड थर आला की पाणी त्या सीमेवर लोंबकळत राहतं, वरचा थर पुरता भरेपर्यंत खाली उतरत नाही. काळा थर दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तिथे बराच काळ हवा पोचलेली नाही. आणि दहा-बारा सेंमीवर कुदळ एकदम अडली तर तो यंत्रांच्या चाकांनी आणि दर वर्षी एकाच खोलीवर घातलेल्या टाइनांनी तयार झालेला कडक तवा आहे.

तिसरी तपासणी मुरण्याच्या वेगाची. 150 मिमी व्यासाचा प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घ्या, 5 सेंमी जमिनीत ठोका, आत आधी पाणी ओतून जमीन भिजवून घ्या, मग 440 मिली पाणी मोजून ओता. या व्यासाला ते बरोबर 25 मिमी पावसाइतकं होतं. ते मुरायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहा. आमच्या अकराव्या ग्रीनवर ते तासाभरात गेलं. सातव्याच्या ओल्या कोपऱ्यात अर्ध्या तासात 2 मिमीसुद्धा उतरलं नाही. पण खरी गोष्ट पुढची आहे. तिथेच आम्ही थॅच आणि कडक थर कापून, 20 सेंमी खाली हीच चाचणी घेतली, आणि तिथेही पाणी हललं नाही. म्हणजे वरचा थर हे एकमेव कारण नव्हतं. खाली आधीच पाणी भरलेलं होतं.

आण्णांचा प्रश्न

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी गावी शेती करणाऱ्या आण्णांना तो खड्डा दाखवला. आमची शेती शिरोळ तालुक्यात, काळी जमीन, आणि त्यातली दीड एकर चिबड. कालव्याचं पाणी आणि उसाचं पाणी साठून साठून पांढरी पडलेली. तिथे जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून निचरा करताना त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भोकं पाडलीस ती पाडलीस. पण त्या भोकातनं पाणी जाणार कुठं, ते बघितलंस का?"

मला उत्तर देता आलं नाही. चिकणमातीत पाडलेलं आणि वाळूने भरलेलं भोक हे बाहेर जायला वाट नसेल तर नुसता रांजण असतो. तो भरतो आणि भरलेलाच राहतो. आम्ही चार वर्षांत हजारो रांजण केले होते.

जुने नळ आणि ओढ्याचं तोंड

मिडलँड्समधले बरेच कोर्स जुन्या शेतांवर आणि कुरणांवर उभे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या जमीनदारांनी शेतांखाली भाजलेल्या मातीचे नळ घालण्याचा सपाटा लावला. 1846 मध्ये सरकारने त्यासाठी कर्ज देणारा कायदाही केला. ते नळ अजून खाली आहेत, काही आजही चालतात. नकाशे मात्र क्वचितच सापडतात. आमच्याकडे मदतीला आला तो 2022 चा दुष्काळी उन्हाळा. 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्ज़बीला 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं, इथलं गवत पार करपलं, आणि करपलेल्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, जुन्या चरांच्या रेषा माशाच्या काट्यासारख्या उमटल्या. एका सदस्याने त्या ऑगस्टमध्ये ड्रोनने हौसेने काढलेले फोटो आम्ही दोन वर्षांनी उघडून बघितले. मुख्य नळ सातव्या ग्रीनच्या डाव्या कुशीतून ओढ्याकडे जात होता. तुमच्या कोर्सचे कोरड्या उन्हाळ्यातले फोटो कुणाकडे असतील तर आजच मागून घ्या.

मग आम्ही ओढ्यावर गेलो आणि त्या नळाचं तोंड शोधलं. ते दिसतच नव्हतं. 30 सेंमी गाळाखाली होतं आणि आत विलोच्या मुळांची शेपटी वाढलेली. गाळ बाजूला केला, मुळं ओढून काढली, आणि पाणी लाल होऊन आलं. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत वाहत होतं. मी तिथे गुडघाभर चिखलात उभा होतो आणि मला चार वर्षं टाकलेल्या वाळूचा एकेक ट्रेलर आठवत होता.

म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे. खालून वर जायचं. आधी ओढा, मग नळाचं तोंड, मग नळ, मग चर, आणि सगळ्यांत शेवटी ग्रीनचा पृष्ठभाग. ओढ्यातल्या नेहमीच्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा निदान 15 सेंमी खाली हवी, नाहीतर पावसात ओढाच नळातून उलटा चढतो. आम्हाला ओढ्याचा चाळीस मीटर तुकडा साफ करावा लागला. नवा पाइप ओढ्यात सोडायचा असेल किंवा ओढ्याची रुंदी बदलायची असेल, तर स्थानिक प्रशासनाकडे परवानगीची चौकशी आधी करा. शेजारच्या शेतकऱ्याशीही बोला, कारण तुमचं पाणी त्याच्याकडे जाणार आहे.

उताराचं पाणी अडवायचं

तोंड उघडल्यावर अर्धा प्रश्न सुटला. पण पुढच्या पावसात पाणी परत वाढलंच, फक्त लवकर ओसरलं. उतारावरून येणारा लोंढा तसाच होता. सप्टेंबरमध्ये आम्ही ग्रीनच्या वरच्या बाजूने, उताराला आडवा एक चर घेतला: 15 सेंमी रुंद, 70 सेंमी खोल, तळाला 100 मिमीचा सच्छिद्र पाइप, शंभरात एकचा ढाळ, आणि वर धुतलेली 6 ते 10 मिमीची खडी.

इथे एक बारकावा आहे, तो चुकला तर सगळा खर्च वाया. खडी अगदी वरपर्यंत आणायची, शेवटच्या 10 सेंमीत फक्त वाळू. खणलेली चिकणमाती परत वर पसरून हिरवळ लावली की चर दिसायला सुंदर होतो आणि पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातं. आम्ही खणलेली सगळी माती ट्रेलरमधून उचलून नेली. हिरवळसुद्धा चिकणमातीत वाढवलेली घेऊ नका. तिच्या मुळांना चिकटलेला दोन सेंमीचा थर झाकणासारखा बसतो.

ग्रीनच्या आत मात्र आम्ही मोठा चर घेतला नाही. तिथे 5 सेंमी रुंद आणि 25-30 सेंमी खोल वाळूच्या फटी, एकेक मीटरवर, जुन्या चराला छेद देतील अशा पाडल्या. छेद महत्त्वाचा. खालच्या खडीला न टेकणारी फट म्हणजे पुन्हा रांजण, फक्त लांबट.

तुमचा ग्रीन नव्या पद्धतीचा, म्हणजे 1960 पासून प्रचारात आलेल्या अमेरिकन रचनेचा असेल, 30 सेंमी वाळूमिश्रण आणि खाली 10 सेंमी खडी, तर यातलं बरंच लागू नाही. तिथे वाळूच्या तळाशी थोडं पाणी अडकून राहणं ही रचनाच आहे, उन्हाळ्यात ते मुळांना लागतं. असा ग्रीन ओला राहिला तर वरचे 5 सेंमी आणि बाहेर पडणाऱ्या नळाचं तोंड, एवढ्या दोनच जागी बघा.

सावली

हे लोकांना पटवायला सगळ्यांत अवघड. आमच्याकडे 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 14 अंश वर येतो. त्याच दिवशी कोल्हापुरात तो 50 अंशांवर असतो. 14 अंशांवर 15 मीटर उंचीच्या झाडाची सावली जवळपास 60 मीटर पडते. सातव्याच्या दक्षिणेला विलोंची रांग आहे. त्या ग्रीनवर डिसेंबर-जानेवारीत थेट ऊन येतच नव्हतं, दव दुपारपर्यंत राहायचं, आणि तांबूस चट्टे म्हणजे मायक्रोडोकियम, ज्याला जुने लोक फ्युझेरियम म्हणतात, तो तिथूनच सुरू व्हायचा. पूर्वी यावर औषध मारून वेळ निभत होती. इप्रोडिऑन 2018 मध्ये आणि क्लोरोथॅलोनिल 2020 मध्ये इथल्या हिरवळीवर बंद झालं, तेव्हापासून ऊन, वारा आणि कोरडी पात हेच मुख्य औषध.

विलो सगळी तोडली नाहीत आणि तोडायचीही नाहीत. त्यांच्यात पक्षी असतात, पावसाचं पाणी तीही पितात. खालच्या फांद्या उचलल्या, तीन झाडं विरळ केली, दोन्ही कामं पक्ष्यांच्या विणीचा हंगाम सोडून. झाडाला संरक्षण आहे का ते आधी विचारून घेतलं. सकाळी लांब काठीने दव झाडायचं काम रोज करतो. दहा मिनिटं लागतात.

वाफसा

इंग्रजीत मला या शब्दाला पुरेसा शब्द अजून सापडलेला नाही. पाणी निथळून गेलेलं, हवा आत आलेली, ओल मात्र टिकून असलेली जमीन. वाफसा नसताना आण्णा बैलही रानात घालत नसत. इथे मात्र ओल्या हिवाळ्यात लोक दोन टनांचा ट्रॅक्टर घेऊन ओला ग्रीन "मोकळा" करायला जातात. चिकणमाती ओली असताना टाइन घातला की भोकाच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी त्यांतून जात नाही, आणि चाकांखाली नवा तवा तयार होतो.

चाचणी सोपी आहे. टाइन जाईल त्या खोलीवरची माती घ्या आणि तळहातावर वळा. 3 मिमी जाडीची वळी न तुटता झाली तर यंत्र शेडमध्येच ठेवा. तुटली, भुसभुशीत झाली, तर कामाला लागा. आमच्या जमिनीत हा वाफसा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बहुतेक वर्षी येतच नाही. म्हणून खोल टाइन, थॅच काढणं, चर, वाळू, सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या महिन्यांत सदस्यांना गुळगुळीत ग्रीन हवे असतात, स्पर्धा असतात, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला ग्रीन फोडायचे असतात. हा वाद दर वर्षी होतो. मी समितीच्या बैठकीत दोन मातीचे काप प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नेऊन टेबलावर ठेवले, अकराव्याचा आणि सातव्याचा. सातव्याचा वास खोलीभर पसरला. तारखा मिळाल्या.

तुम्ही हे जानेवारीत वाचत असाल तर

आत्ता दुरुस्ती होणार नाही. आत्ता फक्त नुकसान थांबवायचं.

ग्रीन बंद करा आणि तात्पुरता ग्रीन फेअरवेवर, उंच जागी द्या. अर्धवट उघडा ठेवू नका. पंचवीस जणांचे पाय एका कोरड्या कोपऱ्यातून गेले तर मार्चमध्ये तोही कोपरा जातो. ये-जा करायच्या वाटा दोरीने दर आठवड्याला हलवा. खेळाडूंच्या पिशव्यांची ट्रॉली बंद करायची तर सगळ्या कोर्सवर बंद करा, नाहीतर रोज वाद. फेअरवेवर चटईवरून खेळायला लावलं की गवताचे तुकडे उडत नाहीत, आणि हिवाळ्यात उडालेला तुकडा एप्रिलपर्यंत भरत नाही. गिरमिटासारख्या टोकदार, हाताने मारायच्या काट्याने साचलेल्या जागी थोडी भोकं पाडता येतात, फक्त फळीवर उभं राहून.

गवत पिवळं दिसतंय म्हणून नत्र देऊ नका. ते कोवळं गवत वाढवेल आणि रोग ते खाईल. हिराकस पाण्यातून हलक्या मात्रेने द्या, रंग येतो, पात कणखर होते, मॉस काळं पडतं. थंडीत बर्फ वितळायच्या वेळी ग्रीनवर कुणालाच जाऊ देऊ नका: वरचे दोन सेंमी सुटलेले आणि खाली गोठलेलं असतं, तेव्हा पायाच्या वळणाने मुळं कातरली जातात.

गांडुळांबद्दल थोडक्यात. ओल्या हिवाळ्यात त्यांच्या लेंड्यांनी फेअरवे भरतो, आणि कार्बेन्डाझिम 2017 मध्ये गेल्यापासून त्यांच्यावर औषध नाही. मला ते बरंच वाटतं; चिकणमातीत पाण्याला वाट करून देणारे तेच आहेत. लेंड्या वाळू द्या, मग ब्रश फिरवा. ओल्या असताना रोलर फिरवला तर प्रत्येक लेंडीचा नाण्याएवढा चिखलाचा ठिपका होतो आणि त्याखालचं गवत मरतं.

आजची स्थिती

गेल्या हिवाळ्यात सातवा ग्रीन अकरा दिवस बंद होता, सगळे दिवस जानेवारीतले. पाइपची चाचणी आम्ही दर ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये त्याच चार जागी घेतो आणि आकडे शेडच्या दारामागे खडूने लिहितो. नळाच्या तोंडाला जाळी बसवली आहे, पहिल्या मोठ्या पावसाआधी कोणीतरी जाऊन ती साफ करतं, आणि कोणी केली ते नावासकट फळ्यावर लिहितं.

चौदावा फेअरवे मात्र अजून सुटलेला नाही. तिथे जुन्या नांगरटीचे लांब वरंबे आणि सरी गवताखाली तशाच आहेत, आणि प्रत्येक सरीत पाणी राहतं. सरींच्या खालच्या टोकाला एकच आडवा चर पुरेल की प्रत्येक सरीत फट घ्यावी लागेल, हे ठरवायला या पावसाळी महिन्यांत झेंड्या खोचणं चालू आहे. आतापर्यंत एकोणीस झाल्या.